मूकपटातली माणसं सारखी पळत का असतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नऊ वर्षांच्या मुलीला मोबाइलवर चॅप्लिनचा एक छोटा मूकपट लावून दिला, तिने पाच मिनिटांत तो बंद केला आणि विचारलं, "बाबा, ही माणसं सारखी पळत का असतात?" जुने कॅमेरेच तसे होते का, आजच्या मुलांना हे पट हसवू शकतात का, आणि हसवत असतील तर सुरुवात कुठून करायची, हे तुम्हाला हवं आहे.

मी गेली पंचवीसेक वर्षं हे पट लोकांना दाखवतो आहे. आधी सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर पाठीवर घेऊन शाळांतून आणि फिल्म सोसायट्यांतून, आता लॅपटॉप आणि पडदा घेऊन. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या मुलीच्या नजरेत काही खोट नाही. तिने जे पाहिलं तो बहुधा त्या पटाचा खरा वेग नव्हता, आणि या विनोदात वेग बिघडला की काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून आधी वेगाचं नीट सांगतो. पटांची नावं त्यानंतर.

त्या काळी पटाची लांबी मिनिटांत मोजत नसत, रिळांत मोजत. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचं एक रीळ म्हणजे साधारण १,००० फूट. एका फुटात १६ चित्रं बसतात, म्हणजे पूर्ण रिळात १६,०००. सेकंदाला १६ चित्रं या गतीने ते रीळ पावणेसतरा मिनिटं चालतं, २४ या गतीने अकरा मिनिटांत संपतं. फिल्म तीच, नट तेच, पडणं तेच, पण एक माणूस तुमच्यासमोर पडतो आणि दुसरा नुसता दिसेनासा होतो. विनोदी पट बहुतेक एक किंवा दोन रिळांचे असत आणि मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवले जात. आपल्याकडे फाळक्यांनीही हेच केलं होतं: 'मोहिनी भस्मासुर'च्या जोडीला त्यांनी 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी पट दाखवला होता.

कॅमेऱ्याला मोटर नव्हती. कॅमेरामन हॅंडल फिरवायचा. एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, असा ढोबळ हिशेब. थिएटरात दाखवणाराही आपल्या अंदाजाने वेग ठरवायचा, आणि तो सहसा कॅमेऱ्यापेक्षा थोडा जास्तच असायचा. विसाच्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले आणि सेकंदाला २४ चित्रं हा वेग कायमचा ठरला. आवाज फिल्मवरच छापलेला असल्यामुळे वेग हलला की आवाजाची पट्टी बदलायची, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. मग जुन्या मूकपटांना संगीत आणि टणत्कार चिकटवून तेही २४ वर पळवले जाऊ लागले. चॅप्लिनने म्युच्युअल कंपनीसाठी १९१६-१७ मध्ये केलेले बारा लघुपट तीसच्या दशकाच्या सुरुवातीला असेच पुन्हा बाजारात आले. पुढच्या कित्येक पिढ्यांनी चॅप्लिन पाहिला तो या प्रतींत. आजही इंटरनेटवर फिरणाऱ्या अनेक प्रती त्याच घराण्यातल्या आहेत.

हे कळल्यावर काही लोक दुसऱ्या टोकाला जातात. माणूस रस्त्यावर चालतो तितका संथ होईपर्यंत पट हळू करतात. तेही चूक. पडद्यावर थोडा वेग यावा म्हणून कॅमेरामन मुद्दाम हॅंडल हळू फिरवायचे. पाठलाग असला की आणखी हळू. नटांना हे ठाऊक असायचं आणि त्याच हिशेबाने ते हालचाल करायचे. चॅप्लिनचं एका पायावर वळणं पूर्ण नैसर्गिक वेगात पाहिलंत तर ते तालमीसारखं दिसतं.

असल्या पडापडीच्या विनोदाला 'स्लॅपस्टिक' म्हणतात. हा शब्द कुठून आला ते इथे सांगण्यासारखं आहे. जुन्या इटालियन प्रहसनांत विदूषकाच्या हातात दोन चपट्या फळ्या जोडलेली काठी असे. ती पाठीत हाणली की फळ्या एकमेकींवर आपटून मोठा फाडकन आवाज व्हायचा, मार मात्र लागायचा नाही. म्हणजे या विनोदाला नाव मिळालं ते एका आवाजावरून. मूकपटात आवाजच नव्हता. मग तो 'फाडकन' डोळ्यांना कसा दाखवायचा? हॅंडल जरा हळू फिरवून, हालचालीला धार आणून. त्या फळ्यांचं काम वेगाने केलं. म्हणून माझा नियम असा: चालणारा माणूस खऱ्यापेक्षा किंचित चपळ दिसावा, पण त्याच्या चेहऱ्यावरचा विचार आपल्याला वाचता यावा. विचार दिसेनासा झाला की वेग जास्त झाला.

हा नियम मला पुस्तकातून मिळाला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शाळेच्या सभागृहात चॅप्लिनचा 'द इमिग्रंट' दाखवत होतो. त्याआधी एक माहितीपट लावला होता, बोलका. प्रोजेक्टरवर मूक आणि बोलका अशा दोन वेगांचा एक छोटा खटका असतो, तो तसाच 'बोलका'वर राहिला. मुलं पहिलं मिनिटभर खिदळली, नंतर आपसांत बोलायला लागली. पटातला सर्वांत सुंदर प्रसंग आला आणि गेला, सभागृहात कुणी हसलं नाही. एक शिक्षक हळहळून म्हणाले, मुलांना आता असलं जुनं रुचत नाही. दुपारी पाचवी-सहावीची दुसरी तुकडी बसणार होती. रीळ परत गुंडाळून फिल्म ओवताना माझं लक्ष खटक्याकडे गेलं. तो खाली केला. फिल्म तीच, भिंत तीच, पंखेही तसेच खडखडत होते.

पहिल्याच प्रसंगात चार्ली बोटीच्या कठड्यावरून खाली वाकलेला आहे, पाठ आपल्याकडे, खांदे हिसके देताहेत. बोट हलते आहे, शेजारी लोकांना उलट्या होताहेत, तेव्हा आपण समजतो की त्यालाही बोट लागली. मग तो वळतो आणि त्याच्या हातात गळाला लागलेला मासा असतो. सकाळी मासा दिसेपर्यंत पुढचंच काही सुरू झालं होतं. दुपारी मुलांनी आधी पाठ पाहिली, चेहरे वाकडे केले, एकदोघांनी 'ई' केलं, मग मासा पाहिला आणि अख्खं सभागृह फुटलं. त्यांना चुकीचा समज करून घ्यायला पुरेसा वेळ मिळाला होता. विनोद त्या वेळात आहे, माशात नाही.

आता तो सुंदर प्रसंग, कारण सगळी विद्या त्यात आहे. चार्लीला रस्त्यात एक नाणं सापडतं. तो ते खिशात टाकतो. खिसा फाटका आहे, नाणं खाली पडतं. आपण पाहतो, तो पाहत नाही. तो उपाहारगृहात जाऊन बीन्सची, म्हणजे घेवड्याच्या दाण्यांची, बशी मागवतो. तिथे त्याला बोटीवर भेटलेली मुलगी दिसते, तिलाही तो बोलावून बसवतो. तेवढ्यात दहा सेंट कमी पडलेल्या एका गिऱ्हाइकाला वेटर मंडळी मरेस्तोवर बडवतात. चार्ली सहज खिसा चाचपतो. नाणं नाही. मग आत एक माणूस येतो, त्याला तेच नाणं बाहेर सापडलेलं आहे. तो ते वेटरला देतो, वेटर खिशात टाकतो, आणि वेटरचाही खिसा फाटका! नाणं जमिनीवर. ते उचलायची चार्लीची धडपड, दर वेळी नेमका वेटर वळतो. इथे पुढच्या रांगेतला एक मुलगा दाबल्या आवाजात म्हणायला लागला, "पाय ठेव, पाय ठेव त्याच्यावर!" त्याला पटातल्या माणसाला वाचवायचं होतं. शेवटी नाणं हाती येतं, चार्ली रुबाबात ते देतो, वेटर दातांखाली धरतो आणि ते वाकतं. खोटं!

एका नाण्याने एवढा प्रवास केला, आणि मध्ये स्पष्टीकरण शून्य. प्रत्येक टप्प्यावर चार्लीच्या चेहऱ्यावर आधी आशा, मग शंका, मग भीती येते. २४ च्या वेगात यातलं एकच दिसतं: धावपळ.

या पटाच्या न वापरलेल्या फिल्मचे तुकडे १९८३ साली केविन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांच्या माहितीपट मालिकेतून जगासमोर आले. त्यातून कळलं की चॅप्लिनने सुरुवात उपाहारगृहापासून केली होती. बोट आणि स्थलांतरित लोक नंतर सुचले. त्याहून मला मोलाची वाटते ती वेटरची गोष्ट. आधी त्या भूमिकेत हेन्‍री बर्गमन होता. बऱ्यापैकी चित्रीकरण झालं, पण त्याची भीती वाटेना. चॅप्लिनने ते सोडून दिलं आणि धिप्पाड, जाड भुवयांच्या एरिक कॅम्पबेलला उभं केलं. बर्गमन त्याच पटात शेवटी येणाऱ्या चित्रकाराच्या भूमिकेत गेला. म्हणजे चॅप्लिन हसू थेट शोधत नव्हता. आधी धोका खरा वाटला पाहिजे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नाटकवाले 'टायमिंग' म्हणतात ना, त्याची मुळं इथे आहेत: प्रेक्षकाला भीती वाटायला किती क्षण द्यायचे, हे ठरवणं.

वेगाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट, अख्खं शरीर दिसणं. या पटांत कॅमेरा बहुतेक वेळ डोक्यापासून बुटांपर्यंत माणूस दाखवतो, कारण अर्धा अभिनय पायांत आहे. म्युच्युअलच्याच 'वन ए. एम.' या पटात सुरुवातीच्या टॅक्सीवाल्याचा भाग सोडला तर चॅप्लिन जवळजवळ एकटा आहे: दारू पिऊन घरी आलेला माणूस, एक गोल फिरणारं टेबल, दोन जिने आणि एक भिंतीतून खाली येणारा पलंग. तो त्या पलंगाशी जे झुंजतो ते गुडघे आणि टाचा दिसल्या तरच कळतं. मोबाइल उभा धरून मधला तुकडा कापलेली प्रत पाहिली तर उरते नुसती टोपी. टीव्हीवरही हाच घोटाळा होतो. मूळ चौकट चारास तीन या प्रमाणातली, जवळजवळ चौकोनी. टीव्ही ती ताणून रुंद करतो, माणसं बुटकी दिसतात, किंवा वरखाली कापून टोपी आणि बूट दोन्ही घालवतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचं प्रमाण चारास तीन करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या.

बस्टर कीटन या चॅप्लिनच्याच काळातल्या विनोदी नटाचं तर अख्खं काम या चौकटीवर उभं आहे. लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर फेकाफेकीचे खेळ करत वाढलेला हा माणूस. त्याचा 'वन वीक' १९२० चा, दोन रिळांचा. नवविवाहित जोडप्याला भेट म्हणून खोक्यांतलं घर मिळतं, भाग जोडून उभं करायचं. नवरीचा नाकारला गेलेला प्रियकर खोक्यांवरचे आकडे बदलतो आणि घर वेडंवाकडं उभं राहतं. वादळात ते आख्खं घर भोवऱ्यासारखं फिरतं. ही चित्रातली करामत नाही, खरोखरचं घर फिरत्या चौथऱ्यावर बांधलं होतं. कॅमेरा दूर उभा राहून सगळं दाखवतो, कारण कापाकापी केली असती तर आपला विश्वास उडाला असता.

शेवटी ते घर रेल्वेच्या रुळांवर अडकतं. समोरून गाडी येते. नवराबायको डोळे मिटून घेतात. गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श होतं, आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने दुसरी गाडी येऊन घराचा चुराडा करते. मी हा प्रसंग शेकडो वेळा पाहिला असेल. माझ्याबरोबर वीस वर्षं तबला वाजवणारे गृहस्थ याला 'तिहाई' म्हणतात. श्रोत्याला सम कुठे येणार हे कळलेलं असतं, कलाकार ती चुकवल्यासारखं करतो, आणि आपण सैल झालो की नेमकी थाप पडते. पहिली आणि दुसरी गाडी यांत जो श्वासभर वेळ आहे, तो एक सेकंदाने कमी केलात तर हशा निम्मा होतो. मी ते करून पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

संगीताचा विषय निघालाच आहे. हे पट थिएटरात मुके कधीच नसत, पियानो किंवा ऑर्गन वाजायचा. पण इंटरनेटवरच्या प्रतींना जोडलेलं संगीत बऱ्याचदा वाईट असतं: सतत उड्या मारणारी एकच धून, आणि पडल्यावर 'टॉईंग'. आवाज बंद करून टाका. आमच्या कार्यक्रमांत पेटीवर संथ लेहरा आणि त्याला तबल्याची साथ असते. नियम एकच, पडण्याच्या आधी थाप पडता कामा नये. संगीताने आधी सांगून टाकलं की प्रेक्षक वाट पाहणं सोडतो. घरी काही वाजवायचं नसेल तरी चालेल. खोलीतलं हसणं पुरतं.

वेगाची दुसरी बाजू म्हणजे लॉरेल आणि हार्डी ही विनोदी जोडी. वीसच्या दशकाच्या अखेरीस सगळे वेगाकडे धावत असताना हॅल रोचच्या स्टुडिओत या दोघांनी विनोद संथ केला. 'बिग बिझनेस' १९२९ चा. लॉस एंजेलिसच्या भर उन्हात दारोदार नाताळची झाडं विकणारे दोघे आणि झाड नको असलेला घरमालक, जेम्स फिनलेसन. तो यांच्या झाडाचा तुकडा पाडतो. हे त्याच्या दारावर हल्ला चढवतात. होता होता एका बाजूला अख्खं घर आणि दुसऱ्या बाजूला अख्खी मोटार मोडीत निघते. यातला नियम पाहा: एक मोडत असताना दुसरा अडवत नाही. तो शांतपणे उभा राहून पाहतो, विचार करतो, मग आपली पाळी घेतो. एक पोलीस बाजूला उभा राहून वहीत टिपून घेतो. लहान मुलांना हा पट सर्वांत लवकर कळतो असा माझा अनुभव आहे, कारण त्यांची भांडणं अगदी अशीच चालतात.

मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीने १९१२ पासून हा सगळा बाजार उभा केला, पोलिसांच्या टोळीचे ते प्रसिद्ध पाठलाग तिथलेच, आणि चॅप्लिनचं पहिलं वर्ष, १९१४, तिथेच गेलं. इतिहास म्हणून त्यांचं ऋण मोठं आहे. पण सुरुवात तिथून करू नका. तिथे सगळेच एकदम पडतात, त्यामुळे कुणा एकाची काळजी वाटत नाही. तुमच्या मुलीने बंद केलेला पट त्या वर्षातला असेल तर मला जराही नवल वाटणार नाही.

आता घरी काय करायचं ते. 'द इमिग्रंट'ची प्रत शोधताना आधी तिची लांबी बघा. विसाच्या आसपास मिनिटांत संपत असेल तर ती २४ च्या वेगातली आहे. चोवीस-पंचवीस मिनिटांची मिळाली तर तीच घ्या. नाहीच मिळाली तर व्हिडिओच्या वेगाच्या पर्यायात ०.७५ निवडा, २४ चे १८ होतात, हिशेब बरोबर बसतो. थोडं संथ वाटलं तरी घाईपेक्षा ते बरं. रंग भरलेल्या आणि संगणकाने मधली चित्रं घालून 'गुळगुळीत' केलेल्या प्रती टाळा. दोन चित्रांच्या मधल्या फटीतच धक्का असतो. ती फट बुजवली की पडणारा माणूस पाण्यात पडल्यासारखा दिसतो.

पहिल्या दिवशी 'बिग बिझनेस', त्यानंतर 'वन वीक', आणि ती स्वतःहून मागेल त्या दिवशी 'द इमिग्रंट'. पुढे 'ईझी स्ट्रीट' दाखवा, १९१७ चा. त्यात एरिक कॅम्पबेलचा गुंड ताकद दाखवायला रस्त्यावरचा गॅसचा दिवा वाकवतो, आणि चार्ली त्याच्या पाठीवर उडी मारून तोच दिवा त्याच्या डोक्यावर ओढून गॅस सोडतो. एका वेळी एकच पट. सलग तीन दाखवले तर मोठी माणसंही थकतात. आणि दाखवण्याआधी प्रत्येक पट स्वतः पाहून घ्या, कारण त्या काळातल्या काही पटांत काळ्या लोकांची आणि इतर समाजांची जी थट्टा आहे ती मुलांसमोर तशीच ठेवण्यासारखी नाही.

मोबाइल नको, निदान टीव्ही तरी हवा, आणि शेजारची दोनचार मुलं बोलावली तर उत्तम. तुम्ही त्यांच्या मागे बसा. इंग्रजी मजकुराच्या पाट्या येतात त्या मराठीत वाचून दाखवा, मोठ्याने आणि एकदाच. पण नाणं खिशातून पडताना "बघ, पडलं" म्हणू नका. ते तिला दिसू द्या.